घरगुती रेकॉर्डिंगसाठी महागडे मॉनिटर हवेतच काय?

कापडाच्या धंद्यात उभे आयुष्य गेलेल्या माणसाने स्पीकरवर लेख लिहावा, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. व्यापाराच्या पानावर सुताचे भाव, उधारीची वसुली, कारागिरांची मजुरी असे विषय यावेत ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ज्या वस्तूवर आपल्या घरातला पोरगा पस्तीस-चाळीस हजार रुपये घालायला निघतो, आणि तेही व्याजाच्या हप्त्यावर, ती वस्तू या पानाबाहेरची कशी म्हणावी?

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये गेल्या काही वर्षांत एक नवाच धंदा उगवला आहे. दहा बाय दहाच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक माइक आणि दोन स्पीकर मांडून मुले रेकॉर्डिंग करतात. नात रेकॉर्ड होते, भीमगीते होतात, लग्नाच्या व्हिडिओला आवाज लागतो, दुकानांच्या जाहिराती होतात, रिक्षावर भोंगा लावून फिरवायच्या घोषणा होतात. यात दुसऱ्यांचीही मुले आहेत आणि आपलीही आहेत. याला कारण आहे. येथील पुष्कळ घरे जीन्सवर चालत होती. वालधुनी आणि उल्हास नदीच्या प्रदूषणाच्या प्रकरणात न्यायालयाचे आदेश आले, जीन्स धुलाईचे कारखाने बंद पडले, पुष्कळांनी येथून बस्तान हलविले आणि त्यांच्यामागे शिलाईचे कामही पांगले. आमच्या आपाचे यजमान, म्हणजे आमचे दुल्हाभाई, जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. त्यांचे काम निम्म्यावर आले तेव्हा त्यांच्या मुलाने, आमच्या भाच्याने, घरातल्या घरात रेकॉर्डिंग सुरू केले.

स्पीकर म्हणून त्याच्याकडे आमचीच जुनी जोडी होती. १९९० च्या दशकात आम्ही कॅसेट डेकबरोबर घेतलेली, पुस्तकाच्या फळीवर बसतील अशी दोन लाकडी खोकी. यांनाच बुकशेल्फ स्पीकर म्हणतात. वर ट्वीटर, खाली पाच इंची वूफर. आपाकडे ती माळ्यावर पडली होती.

एका ईदच्या आधी आम्ही भाच्याकडून आमच्या दुकानाची जाहिरात करवून घेतली. घरचा मुलगा आहे, चार पैसे त्याला मिळावेत हा हेतू. रिक्षा फिरली आणि आमची फजिती झाली. भोंग्यातून नुसती धडधड येत होती. दुकानाचे नाव काय, सूट किती, काही कळेना. आम्ही तीच जाहिरात दुकानातल्या स्पीकरवर लावली तर ठोके असे घुमू लागले की काचेचे कपाट थरथरले. भाच्याच्या खोलीत मात्र तीच जाहिरात ठीक वाटत होती. तो म्हणाला, "मामू, हे स्पीकर गाणी ऐकायचे आहेत, कामाचे नाहीत. स्टुडिओ मॉनिटर घ्यावे लागतील." हप्त्याचा कागदही त्याने आणून ठेवला होता. जामीन म्हणून सही आमची हवी होती.

आम्ही सही केली नाही. नकार देण्याआधी मात्र आम्ही हा विषय समजून घेतला. जे समजले ते येथे मांडतो, कारण असे कागद अनेक मामूंच्या आणि चाचांच्या समोर येत असणार.

मॉनिटर आणि साधा स्पीकर यात फरक काय, हे कापडवाल्याला समजावणे सोपे आहे. गिऱ्हाईक ताका पसंत करते आणि मग म्हणते, जरा बाहेर दाखवा. दुकानातल्या दिव्याखाली जो रंग राणी दिसतो तो उन्हात वेगळाच निघतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक असते. दुकानाचा उजेड माल खुलविण्यासाठी लावलेला असतो, तर पायरीवरचा उजेड माल तपासण्यासाठी असतो. घरी गाणी ऐकण्यासाठी बनविलेले पुष्कळसे स्पीकर दुकानाच्या उजेडासारखे असतात. त्यात खालचा ठोका जरा फुगविलेला आणि वरची झणझण जरा वाढविलेली असते, म्हणजे दुकानात दोन मिनिटे ऐकताच गिऱ्हाईक खूश. मॉनिटरचे काम पायरीवरच्या उजेडाचे. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेवढेच त्याने सांगावे, कमी नाही, जास्त नाही. स्पीकर जर ठोका वाढवून सांगत असेल तर काम करणारा तो कमी करीत जातो, आणि बाहेर दुसऱ्या स्पीकरवर तेच गाणे किडमिडीत वाजते.

येथवर भाच्याचे म्हणणे बरोबर होते. पण त्याच्या जाहिरातीत दोष उलटा होता. ठोका कमी पडला नव्हता, जास्त झाला होता. याचा अर्थ खोलीत त्याला ठोका ऐकूच येत नव्हता, म्हणून तो वाढवीत गेला. मग आमचे जुने स्पीकर ठोका फुगवीत होते हा आरोप कसा टिकतो? हिशेब जुळत नव्हता, आणि हिशेब जुळत नसेल तर वही पुन्हा मागे जाऊन पाहावी ही आमची सवय.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध रेडिओ मेकॅनिक आहेत. त्यांना खोलीत नेले. त्यांनी स्पीकर ऐकलेसुद्धा नाहीत. आधी ते फिरवून मागच्या तारा पाहिल्या. उजव्या खोक्याला लाल तार लाल खिळीला होती, डाव्याला लाल तार काळ्या खिळीला. म्हणजे एका स्पीकरचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. दोघे मिळून हवा ढकलण्याऐवजी एकमेकांचे काम पुसत होते. यात सर्वांत आधी मरतो तो खालचा ठोका, आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गाणाऱ्याचा आवाज कुठून येतो हे कळेनासे होते. दोन महिने पोरगा अशाच जोडीवर काम करीत होता! चाचांनी तारा बदलल्या, वूफर मोकळा करून दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावला. सेलचे अधिक टोक लाल खिळीला आणि उणे टोक काळ्या खिळीला लावले की पडदा बाहेरच्या बाजूला यायला हवा. दोन्ही बाहेर आले. खर्च काही नाही. चहा पाजला तो वेगळा.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी जोडी आहे त्यांनी उठून आधी एवढे पाहावे. त्याच वेळी वूफरच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहावी. ती रबराची असेल तर बहुधा टिकलेली असते. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांनी भुसा होऊन गळते. जुना माल विकत घेताना विकणारा जाळी काढू देत नसेल तर तो माल घेऊ नये.

आता प्रश्न उरतो की, बुकशेल्फ स्पीकरवर खरे काम होते काय? या बाबतीत जगाच्या स्टुडिओंचा अनुभव मोठा मजेशीर आहे. जपानच्या यामाहा कंपनीने १९७८ मध्ये एनएस-१० एम नावाची जोडी बाजारात आणली. ती घरी गाणी ऐकण्यासाठीच होती. घरगुती शौकिनांना ती फारशी आवडली नाही. आवाज कोरडा, ठोका तोकडा, मधले सूर अंगावर येणारे. पण तीच जोडी पाश्चात्य देशांतील ध्वनिमुद्रकांनी उचलली आणि काही वर्षांतच जगभरच्या स्टुडिओत मिक्सरच्या फळीवर तिचे पांढरे पडदे दिसू लागले. अमेरिकेचे ख्यातनाम ध्वनिमुद्रक बॉब क्लिअरमाउंटन यांचे नाव या प्रथेशी जोडले जाते. ट्वीटर फार बोचतो म्हणून त्यावर टिश्यू पेपर चिकटविण्याची रीतही त्या काळात पडली. म्हणजे बड्या स्टुडिओतले लोकसुद्धा कागद लावून काम भागवीत होते! कंपनीने १९८७ मध्ये ट्वीटर सौम्य करून खास स्टुडिओसाठी आवृत्ती काढली. पुढे वूफरच्या पडद्याला लागणारा लगदा मिळेनासा झाला असे कारण देऊन २००१ मध्ये उत्पादन बंद झाले. कारागीर वाचकांना आवडेल म्हणून सांगतो. तो पडदा साच्यात दाबून काढलेला नव्हता. सपाट कागद कापून, वळवून, कडा जोडून केलेला होता, जसा शिंपी सपाट कापडातून कळी काढतो.

मग ज्या वस्तूला घरात कोणी विचारले नाही ती कारखान्यात का चालली? २००१ मध्येच फिलिप न्यूवेल, कीथ हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्याने इंग्लंडमध्ये अनेक छोट्या मॉनिटरांची मोजणी करून याचे उत्तर शोधले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, या खोक्याला हवा जाण्याचे भोक नाही, ते सगळीकडून बंद आहे. त्यामुळे आवाज थांबला की पडदाही ताबडतोब थांबतो. ठोका मागे रेंगाळत नाही. भोकाच्या खोक्यातून ठोका जास्त मिळतो खरा, पण तो शेपूट सोडून जातो. काम करणाऱ्याला ठोका किती आहे यापेक्षा तो केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला हे कळणे अधिक गरजेचे. हे वाचल्यावर आम्ही भाच्याच्या खोक्यांच्या मागची भोके पाहिली आणि दुकानातून गुंडाळलेले जाड सुती मोजे पाठवून दिले. भोकात मोजा कोंबला की ठोका कमी पण घट्ट होतो. आवडला नाही तर मोजा काढून पायात घालावा.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. लंडनच्या बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरगावी जाणाऱ्या गाडीत मावेल असा एलएस ३/५ ए नावाचा छोटा, बंद खोक्याचा मॉनिटर स्वतःच्या कामासाठी तयार केला, आणि पुढे तो लोकांनी हौसेने घरच्या फळीवर नेऊन ठेवला. म्हणजे कामाचा स्पीकर घरात गेला, घरातला स्पीकर कामाला लागला. तेव्हा खोक्यावर 'स्टुडिओ' किंवा 'मॉनिटर' असे छापले आहे काय, यावर निर्णय घेणारा फसणारच. उल्हासनगरच्या माणसाला लेबलाची किंमत आणि लेबलाची लायकी यातला फरक बाहेरच्याने शिकवू नये. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्यावर इतकी वर्षे होत आला आहे, आणि आम्हीही तो हसत ऐकत आलो आहोत.

तारा नीट झाल्यावरही भाच्याचे काम पुरते सुधारले नाही. येथे आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. दोष आता स्पीकरचा नव्हता, खोलीचा होता.

हे शहर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींवर उभे आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथे आले, १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि तेव्हापासून बराकी कापून-जोडून घरे झाली. खोली बहुधा चौकोनी, भिंती उघड्या, फरशी गुळगुळीत. रेकॉर्डिंगला याहून वाईट खोली शोधून सापडायची नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा फुटांच्या दोन भिंतींत तो मागे-पुढे आपटू लागला की सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा सूर फुगतो. खोली दहा बाय दहा असेल तर लांबीत आणि रुंदीत तोच सूर फुगतो, दुप्पट गोंधळ. त्यातही गंमत अशी की हा सूर भिंतीपाशी जोरात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. आणि आमचा भाचा खुर्ची टाकून बसला होता नेमका मध्यावर! अशा जागी पन्नास हजारांचा मॉनिटर आणून ठेवला असता तरी त्याला ठोका ऐकू आला नसता. पोरगा हप्ते भरीत राहिला असता आणि रिक्षा तशीच धडधडत फिरली असती.

खुर्ची पुढे सरकविली. समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर कान येतील अशी ती ठेवली. जाणकार लोक खोलीच्या लांबीचा अडतीस टक्के हिस्सा सांगतात, त्याचाच हा हिशेब. दोन स्पीकर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण केला, ट्वीटर कानाच्या उंचीला आणले, खोकी कोपऱ्यातून काढली. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर दोन भिंती आणि फरशी यांच्या जोरावर ठोका फुगवितो. खोक्यांखाली जाड रबराचे तुकडे दिले, नाहीतर टेबलच वाजते. एवढ्याने अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम आमच्या धंद्याचे होते. उघड्या भिंतीवरून आवाज उसळून येतो तो थांबवायला कापड लागते, पण कोणतेही कापड नव्हे. येथे आम्ही गिऱ्हाईक गमावूनही खरे सांगतो. खिडकीचा पातळ पडदा लावून फारसे काही होत नाही. तो फक्त वरची झणझण शोषतो आणि खोली बोदी करून टाकतो. जाडी हवी, आणि भिंत व जाडी यांच्यात दोन-चार इंच हवा मोकळी हवी. बाजारात काळ्या फोमचे खाचा पाडलेले तुकडे मिळतात. पातळ असतील तर तेही पडद्याचे भाऊच.

अमेरिकेत जुन्या जीन्सचा पिंजून केलेला कापूस घरांच्या भिंतींत भरतात, उष्णता आणि आवाज दोन्हींसाठी. आमच्या गावात जीन्सच्या कात्रणांचे पोत्यांनी ढीग पडत आले आहेत. आम्ही दोन पोती पाठविली. दुल्हाभाईंनी चार फूट बाय दोन फुटांच्या, चार इंच खोल लाकडी चौकटी केल्या आणि कात्रणे भरली. आठ दिवसांत कात्रणे खाली बसली, वर पोकळी झाली. बसलेली उशी पाहून मास्टर हसले. म्हणाले, "गोधडीला टाके कशाला घालतात?" त्यांनी आतला खोळ आडव्या कप्प्यांत शिवला, दर सहा इंचांवर टीप मारली, प्रत्येक कप्पा वेगळा भरला. मग कात्रण हलले नाही. हे कोणा इंजिनिअरने सांगितलेले नव्हे.

वरून घालायच्या कापडाबद्दल एकच कसोटी आहे. कापड तोंडाला लावून फुंकावे. श्वास सहज पलीकडे गेला पाहिजे. मांजरपाट चालतो, गोणपाट उत्तम. रेक्झिन, प्लास्टिकचा अस्तर असलेले सोफ्याचे कापड, घट्ट विणीचे सॅटिन यांवरून आवाज उसळून परत येतो, म्हणून ते बाद. चौकट कुठे लावायची याची युक्ती अशी की, ऐकणाऱ्याने खुर्चीत बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवीत न्यावा. आरशात ज्या जागी ट्वीटर दिसेल तेथे चौकट. दोन बाजूंना दोन, डोक्यावर एक, मागे जमतील तितक्या. सुती माल पेट घेतो, म्हणून विजेच्या बोर्डापासून आणि प्लगापासून चौकट दूर असावी. अमेरिकेतल्या मालावर आग रोखणारी बोरॉनची प्रक्रिया असते, आपल्या पोत्यावर ती नाही. आणि चौकटींनी शेजारच्या शिलाई मशीनचा किंवा लोकलचा आवाज आत यायचा थांबत नाही, हा गैरसमज कोणी करून घेऊ नये. भाचा इशानंतर, मशीन बंद झाल्यावर माइक सुरू करतो.

ठोक्याचे काय? ५६ कंपनांची लाट सहा मीटर लांब. चार इंच जीन्स तिला अडवू शकत नाही, ती हसत निघून जाते. तेथे खुर्चीची जागा आणि सावधगिरी हाच उपाय. पाच इंची वूफर तसाही साधारण साठ कंपनांच्या खाली फारसे काही सांगत नाही. नात, जाहिरात, दफ, ढोलकी यांना एवढे पुरते. ज्याला डीजेचा माल बनवायचा आहे त्याला आमचा हा सल्ला लागू नाही. त्याने मोठा मॉनिटर घ्यावा, आणि शेजाऱ्यांची परवानगीही घ्यावी.

कानाची तालीम ही यापुढची गोष्ट, आणि ती फुकट असल्यामुळे कोणी करीत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे उस्ताद आमचे शीन-काफ दुरुस्त करीत असत. 'स' कुठे, 'श' कुठे, 'ज' आणि 'ज़' यांत फरक कसा, हे छडीच्या साक्षीने शिकविले जाई. आम्हाला वाटले होते की, कापडाच्या दुकानात या विद्येचा उपयोग शून्य. पण भाच्याच्या पहिल्या नातीत 'स' इतका बोथट होता की तो 'श' वाटावा. कारण विचारले तर म्हणाला, खोलीत 'स' फार टोचत होता म्हणून वरचे सूर कापले. टोचत होते ते उघड्या भिंतींमुळे. रेकॉर्डिंगमध्ये दोष नव्हताच. त्याने निरोगी माणसाला औषध दिले. आता तो आधी ओळखीच्या माणसाचे बोलणे त्याच स्पीकरवर ऐकतो आणि मग कामाला बसतो. ज्या दोन-चार जुन्या रेकॉर्डिंगा वर्षानुवर्षे सगळीकडे ऐकल्या आहेत, त्या प्रत्येक बैठकीआधी ऐकाव्यात, म्हणजे आपला स्पीकर कुठे फुगवितो आणि कुठे खातो ते पाठ होते. वाकडा पण ओळखीचा गज सरळ पण अनोळखी गजापेक्षा बरा, असे आम्ही भाच्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मामू, हे गिऱ्हाइकासमोर बोलू नका."

आवाज हळू ठेवावा. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असला की कानाला ठोका कमी ऐकू येतो, मोठा केला की भरपूर. म्हणून दुकानात ज्या स्पीकरचा आवाज थोडा मोठा तोच चांगला वाटतो. दोन स्पीकर तोलताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. तराजूची दांडी सरळ नसेल तर तोलण्यात अर्थ नाही. ॲम्प्लिफायरवरचे 'लाउडनेस' आणि 'बास बूस्ट' ही बटणे बंद, बाकीची मध्यावर. शेवटी मोबाइलवर, हेडफोनवर आणि शक्य तर रिक्षावर ऐकून पाहावे. मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर'चे ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिनसुद्धा ऑराटोन नावाच्या एका वितीच्या खोक्यावर काम तपासत असत. आमच्याकडे प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी चहाच्या टपरीवर, चिरक्या स्पीकरवर वाजत आणि शब्द न् शब्द कळे. शेवटी माल ज्या बाजारात विकायचा तेथे तो उभा राहिला पाहिजे.

आता पैशांचे. घरात चांगली जोडी आणि ॲम्प्लिफायर आधीच पडून असेल तरच बुकशेल्फ स्वस्त, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. या खोक्यांत स्वतःची वीज नसते, ॲम्प्लिफायर वेगळा लागतो. जो आज कोऱ्या खिशाने सुरुवात करतो आहे, त्याने नवीन बुकशेल्फ, नवीन ॲम्प्लिफायर आणि तारा यांची बेरीज करावी. ती बहुधा छोट्या मॉनिटरच्या किमतीला जाऊन भिडते. मॉनिटरमध्ये ॲम्प्लिफायर आतच असतो, भिंतीजवळ ठेवायचा तर ठोका कमी करण्याची सोय अनेकांत मागे असते. असा हिशेब निघाला तर मॉनिटर घ्यावा, आमची हरकत नाही. कलकत्त्याची सोनोडाइन कंपनी आपल्या देशातच असा माल बनविते, तोही ऐकून पाहावा. ब्लूटूथचा पार्टी स्पीकर, टीव्हीखालची लांब पट्टी, होम थिएटरची चिमुकली खोकी ही मात्र या कामाला नकोत. ब्लूटूथमध्ये आवाज मागे रेंगाळतो आणि पट्टी प्रत्येक आवाजाला आपला मसाला लावते.

एक आक्षेप आम्हाला मान्य आहे. कल्याणच्या एका रेकॉर्डिस्टने आम्हाला सांगितले की, गिऱ्हाईक आत येते, जुनी खोकी पाहते आणि दर पाडून मागते. खरे आहे. आम्हीही दुकानात काचेची कपाटे लावली आहेत, कापड त्याने चांगले होत नाही. पण कपाटाचा खर्च आम्ही सजावटीच्या खात्यात टाकतो, मालाच्या खात्यात नाही. धंदा उभा राहिल्यावर, नफ्यातून, रोखीने दिखाव्याचे मॉनिटर घ्यावेत. धंदा उभा करण्यासाठी घेऊ नयेत, आणि हप्त्यावर तर मुळीच नाही. सहा महिने काम आले नाही तर बराकीतली खोली हप्ता माफ करीत नाही.

पुढच्या ईदला भाच्याने आमची जाहिरात पुन्हा केली. रिक्षा लाल चक्कीवरून गेली तेव्हा आम्ही मुद्दाम रस्त्यावर उभे होतो. दुकानाचे नाव कळले, सूट कळली, पत्ता कळला. पार्श्वसंगीत जरा जास्तच हळू झाले होते असे आमचे मत, भाच्याला ते मान्य नाही. त्याचे पाहून आणखी दोन मुलांनी दुल्हाभाईंकडे चौकटी मागितल्या आहेत. कात्रणे आम्ही फुकट दिली. मांजरपाटाचे बिल फाडले, आणि दुल्हाभाई अजून त्यावरून आमच्याशी हुज्जत घालीत आहेत.